जाळीचा का बंद?

माझ्या दुकानात शिलाई मशीनच्या वर, खिळ्याला एक हेडफोन टांगलेला आहे. मोठा, दोन्ही कानांवर वाटीसारखा बसणारा, जुन्या काळातला. गिऱ्हाईक विचारतं, "मिस्तरी, विकायचा हाय का?" मी म्हणतो, सीट शिवायला आलास ना, सीटचं बोल. स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर, ज्याच्यावर माणूस बसतो त्या सगळ्याच्या गाद्या मी शिवतो. शाळा चौथीत सोडली, पण माझी शिवण उसवली असं म्हणणारा माणूस लातूरपासून उदगीरपर्यंत सापडायचा नाही. हेडफोन मात्र आयुष्यात एकच शिवला. अप्पांचा.

अप्पा आमचे घरमालक. नाव लिहीत नाही. माणूस गेल्यावर त्याचं नाव छापून आणायचा मला काय हक्क? पुढच्या दोन खोल्यांत माझं दुकान आणि संसार, मागं अप्पा आणि आक्का, त्याच्या मागं कुंपण, आणि कुंपणाला लागून जनावरांच्या बाजाराचं मैदान. अप्पा त्या बाजारातले दलाल.

आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणाऱ्याचा हात दलालाच्या हातात, वरून उपरणं टाकलेलं, आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभ्या माणसाला काही म्हणून कळायचं नाही. ह्या कामात अप्पांचा हात धरणारा दुसरा नव्हता. म्हणायचे, "माणूस तोंडानं लई बोलतो मिस्तरी. बोटं बोलाया लागली की खरं बोलतो." एकदा एका देवणी बैलाच्या गिऱ्हाइकाचा हात त्यांनी उपरण्याखाली धरला आणि लगेच सोडून दिला. म्हणाले, "घरी जा. तुमचं मन बैलात न्हाई, पोरगी आजारी हाय का घरी?" होती. माणूस तसाच पळत एसटीला गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कुणी खोटं म्हणू नये.

बोटांच्या खालोखाल कान. घुंगरमाळा घेणारे लोक अप्पांना घेऊन जायचे. ते माळ हालवून उजवा कान तिच्याकडं करायचे आणि त्यातलं नेमकं फुटकं घुंगरू चिमटीत धरून दाखवायचे. माझ्या मशीनला तेल पाहिजे हे मला कळायच्या आधी आतून आवाज यायचा, "मिस्तरी, रडून राहिली ती, तेल घाला तिला!" फाटकाच्या कडीला त्यांनी चिंधी गुंडाळली होती. पितळी भांडी घासायला बसणाऱ्या बाईला पोतं अंथरून द्यायचे.

खोली भाड्यानं द्यायची त्यांची रीत तर सगळ्या गल्लीला माहीत होती. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कारकून आले, आणि रोज कुणीतरी बॅग घेऊन खोली विचारत दारात उभं. एकाला अप्पांनी वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "खोकून दाखवा."

"मी खोलीसाठी आलोय," कारकून म्हणाला. "दवाखान्यात न्हाई आलो."

"तुमचा खोकला रोज पहाटं आमाला ऐकाया लागणार. भाडं तुमी देणार, पर खोकला आमाला सोसायचा हाय. खोका."

त्यानं चिडून खोकून दाखवलं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पुढच्या गल्लीत बघा."

आक्का आतून हसत बाहेर आल्या आणि त्या कारकुनाला चहा पाजून पाठवलं. आक्का म्हणजे अप्पांची बायको, माहेर उमरीकडचं. अप्पा दिवसातून दहा शब्द बोलत असतील तर उरलेले सगळे आक्का बोलायच्या. घरात शिरलं की आधी त्यांचा आवाज, मग त्या.

तो आवाज गेला. लकवा मारला आणि एक अंग गेलं, त्यासंगं बोलणं गेलं. उजवा हात तेवढा राहिला. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. नळाला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा येईल, गल्लीतल्या बायका घागरी लावून बसलेल्या. आक्का खाटेवर पडून चमच्यानं वाटी वाजवायच्या. वाटी वाजली की अप्पा उठायचे.

आणि मागं मैदान. एरवी आठवड्याला भरणारा बाजार तेव्हा रोजच भरलेला. चारा नाही म्हणून लोक जनावरं आणायचे, मिळेल ते घ्यायचे, नाहीतर खुंटाला बांधून तसेच निघून जायचे. ट्रक भरून जायचे, आणि गेलेलं जनावर कुणाच्या दावणीला परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दलालाला असा धंदा पुन्हा मिळत नाही. अप्पांनी उपरणं खुंटीला टांगलं. मी विचारलं तर म्हणाले, "हात धरला की शेतकऱ्याची बोटं थरथरून राहिली. मला न्हाई वाचायची."

तेव्हापासून ते घरात. मागून जनावरांचं हंबरणं दिवसभर. मला, तुम्हाला ते नुसतं हंबरणं. अप्पांना त्यातलं जनावर न् जनावर वेगळं ऐकू यायचं. जेवता जेवता घास ठेवून म्हणायचे, "ही गाय कालपासून तहानली हाय."

अप्पांकडं एक टेप होता, भाच्यानं सौदीहून आणलेला. आणि एक कॅसेट होती जी ते पुन्हा पुन्हा लावायचे. उमरीला त्याच भाच्याचं लग्न झालं होतं, तिथल्या वाजंत्र्यांची सनई त्यानं भरून घेतली होती. भरणं काही धड नव्हतं. पोरांची रडारड, भांड्यांचा आवाज, सगळंच आलेलं. पण सनई जरा खाली येते तिथं मधेच एक बाई ओरडते, "अगं वऱ्हाडाला पाणी दिलं का गं कुणी?" आणि स्वतःच खळखळून हसते. त्या आक्का. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

अप्पा ते मोठ्यानं लावायचे. एक दिवस आक्कांचा भाऊ उमरीहून भेटायला आला. दारातच थांबला.

"दाजी, बहीण माझी अंथरुणाला खिळली, अन् तुमी सनई लावून राहिले?"

पाव्हणा खाटेपाशी आला.

"लोकायच्या जनावराला प्यायला पाणी न्हाई, घरात दुखणं हाय, अन् ह्या घरात लग्नाची सनई! लोक काय म्हणत असतील? आजाऱ्याला शांतता लागती दाजी, येवढं तरी कळतंय का?"

आमच्यात हा रिवाजच आहे. घरात माणूस पडलेला असला की रेडिओ बंद, हसणं बंद. डॉक्टरही म्हणाला होता, आराम पाहिजे. मलाही तेव्हा पाव्हण्याचं बरोबरच वाटलं. अप्पांनी उठून टेप बंद केला.

मग त्यांनी भाच्याला सौदीला निरोप धाडला, आणि तिकडून येणाऱ्या माणसाबरोबर भाच्यानं हेडफोन पाठवले. दोन. मामाला कोणता आवडेल कळेना, म्हणून दोन्ही. अप्पा एक डोक्यावर आणि एक गळ्यात घालून माझ्या दुकानात आले. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "अप्पा, इमान कुठं उतरवलं?" अप्पांनी ऐकलं नाही.

"मिस्तरी, कान द्या."

त्यांनी एक माझ्या डोक्यावर चढवला. त्याच्या पाठीला जाळी होती, कानाला मऊ स्पंज. हलका. डोक्यावर काही आहे असं वाटेना.

"कसा हाय?"

"चांगला हाय की. तुमचं बी ऐकू येतंय."

"तेच!" म्हणाले. "आता हा."

दुसरा बंद. पाठीला जाड डबी. तो चढवला आणि अप्पांचे नुसते ओठ हालताना दिसले. काढल्यावर विचारलं, काय म्हणालात? तर म्हणाले, "काय बी न्हाई. ह्याची गादी कडक हाय. चष्म्याच्या दांडीपाशी फट राहती, अन् फटीतून बैल आत येतात. ही गादी बदलून द्या."

मी म्हणालो, "अप्पा, माझं ऐका. घरात बसून ऐकायचं तर जाळीचा ठेवा. टँकर येतो, दारात माणूस येतं, आक्का वाटी वाजवत्यात. डबीत डोकं घालून घर चालतं का?"

"जाळीच्यातनं हंबरणं सगळं आत येतं."

"येऊ द्या थोडं."

"थोडं कसं येऊ देऊ? ती बोलती बरोबर त्याच वेळी येतं. 'वऱ्हाडाला पाणी दिलं का' इथं आलं की मागून जनावर हंबरतंच. एकदा तरी नीट ऐकू द्या मला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् जाळीचा लावला तर खाटंपाशी बसलेल्याला बी बारीक ऐकू येतंय. परवा पाव्हणा येऊन बसला अन् म्हणाला, तरी वाजवूनच राहिले का."

मी पुन्हा सांगितलं, जाळीचा ठेवा. ते म्हणाले, "शिवता का दुसऱ्याकडं जाऊ?"

दुसऱ्याकडं जाऊ म्हणणाऱ्याला मी दुसऱ्याकडं जाऊ देत नाही. नांदेडहून बकरीचं कवळं कातडं मागवलं. डबीच्या कडेवर ओलं करून ताणून बसवलं, आत सावरीचा कापूस भरला, चष्म्याच्या दांडीला खाच ठेवून तिथं जरा जास्त भरला. अप्पांनी चढवला तेव्हा मी त्यांच्या पाठीमागं पत्र्यावर हातोडी मारली. पंक्चरवाला दचकून उठला. अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभे होते.

वाटी आता ऐकू येणार नव्हती. त्याला अप्पांनी तोड काढली. आक्कांच्या उजव्या हाताला एक सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. खाटेला पाठ टेकून खाली बसायचे, डोक्यावर डबी, अंगठ्याला सुतळी. गल्लीतली माणसं निमित्त काढून बघून जायची. बाया तोंडाला पदर लावायच्या. अप्पांना त्याचं काही नव्हतं.

आणि आक्का सुतळी ओढायला लागल्या. वाटी एवढी वाजत नव्हती कधी. मी एकदा टाका बघायला म्हणून गेलो होतो तेव्हाचं सांगतो. सुतळी ताणली गेली, अप्पांनी डबी काढली, माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं, मान उचलून ओठाला लावलं. आक्कांनी ओठ मिटले. अप्पांनी ते पाणी थेंब न सांडता पुन्हा माठात ओतलं. मग कूस बदलून दिली. पंख्यानं वारा घातला. आक्का नुसत्या बघत होत्या.

"काय पाहिजे गं? सांग की."

आक्कांनी हात उचलला. सुतळीसकट. अप्पांच्या गळ्यात आलेल्या हेडफोनकडं बोट केलं.

अप्पांचा चेहरा उतरला. "बघितलं का मिस्तरी? भावावर गेली. घरात दुखणं हाय अन् मी ऐकून राहिलो, हे हिला बी बघवत न्हाई." आणि तिच्याकडं वळून म्हणाले, "तुझंच ऐकून राहिलो की गं मी. दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

त्यांनी डबी चढवली. सुतळी पुन्हा ताणली गेली. त्यांनी अंगठा जरासा हालवला, माशी हाकलावी तसा, आणि बसून राहिले.

उन्हाळा वाढला तसं घामानं कातडं ताठ झालं. बकरीचं कातडं घाम खातं, त्याला इलाज नाही. अप्पांनी डबी माझ्याकडं आणून टाकली. नवं कातडं येईपर्यंत काही दिवस गेले. तोवर ते जाळीचा लावून बसायचे, तोंड कडू करून. दुपारी माझी बायको आक्कांचे केस विंचरायला जायची, ती सांगायची, अप्पा आज चिडलेत, मागं बैल हंबरून राहिले.

डबी न्यायला आले तेव्हा मात्र खुशीत होते.

"मिस्तरी, सुतळी हालली न्हाई एकदा बी. बाई आली समजुतीला."

"चांगलं झालं की."

"ओढायचं सोडलं तिनं. पाणी पाजलं तर घटाघटा पिऊन राहिली. डोळे मिटून पडती." डबी कानावर दाबून बघितली, समाधानानं मान हालवली. "आता मला बी निवांत ऐकता येईल."

दुसऱ्या दिवसापासून सुतळी पुन्हा सुरू. अप्पा म्हणाले, हट्टाला पेटली. बायकांनी म्हटलं, डोक्यावर परिणाम झाला असंल. लकव्यात होतं तसं.

आक्का गेल्या त्या दुपारी अप्पा डबी लावून बसले होते. टँकर आला म्हणून सांगायला माझी बायको आत गेली, तिनं बघितलं. सुतळी ढिली पडलेली होती. अप्पांनी वर पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला, मग डबी काढली. मला पुढं कित्येक वेळा म्हणाले, "ओढली होती. चांगली जोरात ओढली होती. मी म्हणलं, रोजचंच हाय, तेवढी एक बाजू संपू दे."

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे मागच्या खोलीत बसलो होतो. खाट उभी करून ठेवलेली. उमरीचा पाव्हणा होता, मी होतो, दाराशी माझी बायको. बायको अप्पांना धीर द्यायला म्हणून बोलली.

"अप्पा, आक्काला मधी लई आराम होता हो. तो जाळीचा लावून बसायचे ना तुमी, तवा मी केस विंचरत असायची. आक्का डोळे मिटून पडायच्या, अन् चादरीखाली बोटं चालायची. मला आधी वाटलं कंप हाय. पर चेहरा असा हसरा असायचा."

अप्पांनी मान वर केली. "बोटं कशी चालायची?"

"आता कशी सांगू... दोनदा दाबायच्या, थांबायच्या, मग एकदा. परत तसंच."

"तुला ऐकू येत होतं? माझ्या कानातलं?"

"येत होतं की. बारीक, डासासारखं. खाटंपाशी बसलं की येतंच. आक्काच्या तर कानाला लागूनच तुमचं डोकं."

पाव्हणा खाकरला. "जाऊ द्या दाजी. बोटाचा काय भरवसा? लकव्यात कंप असतोच."

"पाव्हणं," अप्पा म्हणाले, "तुमी बाजार केला का कधी?"

ते उठले. खुंटीवरचं उपरणं काढलं. किती दिवसांनी काढलं, त्याच्यावर धूळ होती. माझ्यासमोर बसले, माझा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं.

"घरची सांगतीय तसं दाबा."

मी दाबलं. दोनदा, थांबून एकदा. अप्पांनी डोळे मिटले, उजवा कान माझ्याकडं केला.

"परत."

मी परत दाबलं. बायको दारातून म्हणाली, "येवढं न्हाई हो थांबायच्या. अन् शेवटचं जरा लांब धरायच्या." मी तसं केलं. माझी बोटं सुई धरणारी, जाड, त्यांच्यात काय येणार? तरी करत राहिलो. मागं मैदानात कुठलं तरी जनावर ओरडत होतं.

"सनई हाय," अप्पा म्हणाले. "खाली येती तिथली."

पाव्हण्यानं मान खाली घातली. अप्पांनी माझा हात सोडला नाही. मी बोटं थांबवली तरी धरून बसले होते, वरून उपरणं तसंच. उठायचं कसं मला कळेना. टँकरचा भोंगा झाला, बायको घागर घेऊन गेली, भरून आली, तरी आम्ही तसेच.

पुढं काही दिवसांनी अप्पा बाजारात परत गेले. लोकांना बरं वाटलं, म्हाताऱ्यानं दुःख गिळलं म्हणून. पण गेले ते उपरणं न घेता. हात पुढं केला की मागं घ्यायचे. म्हणायचे, "तोंडानं बोला. मोठ्यानं बोला, सगळ्याला ऐकू जाऊ द्या." चारचौघांत मोठ्यानं भाव सांगून जनावर कोण घेणार? एकानं हसून विचारलं, "अप्पा, बोटं इसरले का?" अप्पा म्हणाले, "मला कवा येतच नव्हती." तेव्हा नव्या जिल्ह्याची कचेरी त्या मैदानावर येणार म्हणून मोजणीवाले साखळ्या टाकत फिरत होते. त्यांच्या मधे, हंबरणाऱ्या जनावरांत, अप्पा दिवस मावळेपर्यंत उघड्या कानानं उभे असायचे. सौदा एकही नाही. मी दोनदा हाताला धरून घरी आणलं, तिसऱ्यांदा आणायला गेलो नाही. ते पुढं फार जगले नाहीत.

डबी त्यांनीच आणून माझ्या मशीनवर ठेवली होती. "तुमचं काम हाय, तुमी ठेवा." जाळीचा कुठं गेला ते मी विचारलं नाही.

अलीकडं दुकानासमोर ट्रक लई ठणाणा करतात. तेव्हा कधी कधी मी तो खिळ्यावरून काढून कानावर चढवतो. कातडं अजून मऊ आहे, टाका एकही सुटलेला नाही. आत काही येत नाही. मशीनचं नाही, रस्त्याचं नाही. मागच्या खोलीतून घरची हाका मारते, तिचंही नाही.